लॉन ट्रॅक्टर की गार्डन ट्रॅक्टर? आधी मागचं चाक बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोतल्या जिऑगा काउंटीत अडीच एकरांचं घर घेतलंय. त्यात दीडेक एकर गवत आहे आणि मागे ओढ्याकडे उतरत जाणारा एक तुकडा. रस्त्यापासून घरापर्यंत ४०० फुटांचा खडीचा, चढाचा ड्राइव्हवे आहे आणि गुंठाभर जागेत मेथी, भेंडी, मिरच्या लावायचा बेत आहे. दुकानात दोन ट्रॅक्टर बघितलेत, रंग तोच, बॉनेट तसंच, सीटही जवळपास सारखीच. लॉन ट्रॅक्टरची किंमत २,४०० डॉलर, गार्डन ट्रॅक्टरची ५,२००. स्वस्तातल्याचं इंजिन २२ हॉर्सपॉवरचं, महागातल्याचं २४ चं. दोन हॉर्सपॉवरसाठी २,८०० डॉलर कशाला घालवायचे, असं तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. भाजीच्या वाफ्यासाठी मोठा घ्यायला हवा, असं तुमचं. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीने ती ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मी ईशान्य ओहायोत २३ वर्षं ही यंत्रं दुरुस्त करतोय. उन्हाळ्यात गवताची, थंडीत बर्फाची. त्याआधीचं आयुष्य मिरजेजवळच्या शेतात गेलं, वडिलांच्या बैलांमागे आणि नंतर ट्रॅक्टरवर. त्या दोन्ही अनुभवांतून सांगतो: तो २,८०० डॉलरचा फरक इंजिनात नाही. तो सीटखाली, दोन मागच्या चाकांच्या मधे आहे. दुकानात तिथे कुणी वाकून बघत नाही आणि विकणाराही दाखवत नाही.

टांग्याचा घोडा नांगराला जुंपत नाहीत. घोडा काही बैलापेक्षा कमकुवत नसतो, पण टांगा ओढणं हे एक काम आणि मातीत रुतलेला फाळ ओढणं हे दुसरं. लॉन ट्रॅक्टर हा टांग्याचा घोडा आहे. स्वतःचं वजन, चालवणाऱ्याचं वजन आणि पोटाखालचा डेक, म्हणजे गवत कापायची पाती असलेली पत्र्याची पेटी, घेऊन सपाट गवतावर फिरायचं, एवढ्यासाठी तो बनवलेला असतो. गार्डन ट्रॅक्टर बनवतानाच असं धरून चालतात की याच्यामागे किंवा पुढे काहीतरी अडणार आहे: माती, खडी, बर्फ. इंग्रजीत अशा अवजारांना जे नाव आहे त्याचा अर्थ ‘जमिनीत घुसणारी’ असा होतो. नांगर, फिरत्या दात्यांनी माती भुसभुशीत करणारा टिलर, कल्टिव्हेटर, खडी ओढायचं बॉक्स ब्लेड, ही सगळी त्यातली. लॉन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत साधारणपणे स्पष्ट लिहिलेलं असतं की ही अवजारं जोडू नका. जोडून काही मोडलं तर वॉरंटी मिळत नाही. खताचा स्प्रेडर, पानं गोळा करायचा स्वीपर, हलकी ट्रॉली, ही जमिनीवरून नुसती सरकणारी अवजारं. ती लॉन ट्रॅक्टरही आरामात ओढतो.

आता सीटखाली काय असतं ते बघू. हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना गिअर टाकावे लागत नाहीत, पायाखालचं पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. त्याला सगळे ‘हायड्रो’ म्हणतात. इंजिनाचा पट्टा एक पंप फिरवतो, पंप तेल दाबाने ढकलतो, ते तेल एक मोटर फिरवतं आणि मोटर चाकं फिरवते. पंप, मोटर, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल आणि चाकांचा दांडा म्हणजे ॲक्सल, हे सगळं एकाच ॲल्युमिनियमच्या पेटीत असतं, ती पेटी म्हणजे ट्रान्सॲक्सल. त्यातलं तेल हे त्याचं रक्त आणि उष्णता हा त्याचा शत्रू. ओढ वाढली की दाब वाढतो, दाब वाढला की तेल तापतं, तापलेलं तेल पातळ होतं, आणि पातळ तेल पंपाच्या फटींतून निसटायला लागतं. मग इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही चाकं फिरत नाहीत.

हलक्या वर्गात टफ टॉर्क कंपनीचा ‘के ४६’ हा ट्रान्सॲक्सल कितीतरी ब्रँडच्या ट्रॅक्टरांखाली दिसतो. पाऊण इंच जाडीचा ॲक्सल, २० इंची चाकापर्यंतचं माप. सपाट जागेवर गवत कापायला तो चांगला आहे, उगाच नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण त्याला तेल काढायचा बूच सहजासहजी सापडत नाही. तेल बदलायचं तर पेटी ट्रॅक्टरखालून सोडवून उलटी करावी लागते. गार्डन ट्रॅक्टरच्या पेटीला सहसा तेलाचा फिल्टर बाहेरून बदलता येतो, खाली बूच असतो, ॲक्सल जाड असतो आणि चाकं २३ इंचांची. तेल बदलता येणं ही मला अश्वशक्तीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते, कारण ज्याचं तेल बदलता येतं ते यंत्र म्हातारं होऊ शकतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एक वापरलेला लॉन ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्यामागे छोटा कल्टिव्हेटर लावून घरामागची चिकणमाती उकरायला निघालो. पहिला तासभर छान गेला. मग सीटखालून एक बारीक कुईं असा आवाज यायला लागला, दुपारच्या पंख्यासारखा. चढावर आल्यावर ट्रॅक्टर हळू झाला, मग पेडल पूर्ण दाबूनही जागचा हलेना. अर्ध्या तासाने गार झाल्यावर पुन्हा चालला, म्हणून मी पुन्हा जुंपला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो नुसतं गवत कापतानाही वीस मिनिटांत थांबायला लागला. पेटी उघडली तेव्हा तेल काळं झालेलं होतं आणि पंपाच्या तोंडावर नखाला लागतील असे ओरखडे. नव्या पेटीची किंमत मी ट्रॅक्टरला दिली होती त्याच्यापेक्षा जास्त निघाली. आज माझ्या दुकानात जे लॉन ट्रॅक्टर ‘गरम झाला की चालत नाही’ म्हणून येतात, त्यांतल्या बऱ्याच मालकांना मी आधी एकच विचारतो: मागे काय ओढलंत?

दुकानात उभ्या उभ्या फरक ओळखायची खूण सांगतो. मागच्या चाकाच्या मधलं प्लास्टिकचं टोपण बोटाने काढा. आत एकच बारीक ई-क्लिप किंवा वॉशर दिसली आणि चाक नुसतं चावीच्या खाचेवर ॲक्सलवर सरकवलेलं असलं, तर तो लॉन ट्रॅक्टर, बॉनेटवर काहीही लिहिलेलं असो. मोटारीच्या चाकासारखे पाच बोल्ट दिसले, तर ती पेटी ओढायच्या कामासाठी बनवलेली आहे असं समजा. त्यानंतर पुढे या आणि पुढचा ॲक्सल बघा. पत्रा वाकवून केलेला आहे, की ओतीव लोखंडाचा? पुढच्या चाकांना ग्रीस भरायला निपल आहे का? मग मागे जाऊन जोडणी बघा. नुसती भोक असलेली पट्टी असेल तर ट्रॉली ओढता येईल, एवढंच. अवजार वर-खाली करता येईल अशी स्लीव्ह हिच बसवायची सोय असेल तर कंपनीनेच ते यंत्र मातीत घालायला परवानगी दिलेली आहे.

एकाच ब्रँडमध्ये ही चढण कशी असते ते सांगतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. कब कॅडेटमध्ये एक्सटी १ आणि एक्सटी २ हे लॉन ट्रॅक्टर, एक्सटी ३ हा गार्डन ट्रॅक्टर. जॉन डिअरमध्ये १०० सिरीज आणि एक्स ३०० हे गवतासाठी, एक्स ५०० पासून पुढे जड काम, आणि एक्स ७०० तर जवळजवळ छोटा शेती ट्रॅक्टरच, किमतीनेही. दुरून सगळे भाऊ-भाऊ दिसतात.

हॉर्सपॉवरबद्दल मिस्टरांना हे जरूर सांगा. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली पहिला कब कॅडेट काढला, तेव्हा त्याला कोहलरचं ७ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. १९६३ चा जॉन डिअर ११० सुद्धा सुरुवातीला ७ चाच. शेत सोडून उपनगरात आलेल्या लोकांना परसात नांगरता यावं, हाही त्यांचा उद्देश होता, आणि ते नांगरायचे. आजचा २२ चा लॉन ट्रॅक्टर ते करू शकत नाही. इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोचवायची तर खाली वजन लागतं, टायरला पकड लागते आणि मधली पेटी टिकावी लागते. चार-पाचशे पौंडांच्या यंत्राची चाकं ओल्या चिकणमातीत नुसती गरागरा फिरतात, मग बॉनेटखाली २२ असोत की ४२. बैल घेताना वडील शिंगं बघत नसत, खूर आणि खांदा बघत.

गवत कापायच्या वेळेतही इंजिनाचा फारसा संबंध नाही. ४२ इंची डेक ताशी ४ मैलांनी चालवला तर कागदावर तासाला १.७ एकर होतं. वळणं, झाडं, एकावर एक येणारे पट्टे धरून प्रत्यक्षात सव्वा-दीड एकरच पकडा. ५४ इंची डेकने पावणेदोन एकराच्या आसपास. म्हणजे तुमचं दीड एकर ४२ ने तासा-सव्वा तासात, ५४ ने पंधरा-वीस मिनिटं लवकर. तुमच्याकडे मेपलची झाडं भरपूर आहेत म्हणालात, त्यांच्याभोवती फिरताना ५४ अडचणीचा होतो. ४६ ते ५० च्या मधला डेक घ्या. नुसतं गवतच असतं आणि जमीन सपाट असती तर मी झिरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं गवत कापायचं यंत्र, घ्या म्हटलं असतं, पण तुमच्या उतारावर आणि बर्फात त्याचा उपयोग नाही.

आता तुमच्या चार कामांकडे येतो.

भाजीचा वाफा. ताई, इथे मला तुमच्या विरुद्ध बोलावं लागेल. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेवढ्यासाठी गार्डन ट्रॅक्टर घेऊ नका. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, मागे दाते असलेला चालत चालवायचा टिलर दिवसभरासाठी भाड्याने आणा, सकाळी काम उरकेल. आपल्याकडच्या चिकणमातीला घाई चालत नाही. मूठभर माती घट्ट दाबा आणि अंगठ्याने टोचा, भुगा झाला तर टिलर घाला, गोळा तसाच राहिला तर आठवडाभर थांबा. ओल्या मातीत टिलर घातला तर उन्हात विटा होतात आणि तो हंगाम वाया जातो. मेथी थंडी सोसते, ती मेच्या सुरुवातीला पेरा. भेंडी-मिरची मात्र मे संपेपर्यंत बाहेर काढू नका, तुमच्या भागात मेच्या तिसऱ्या आठवड्यातही दहिवर गोठलेलं मी बघितलंय.

ओढ्याकडचा उतार. फोनमधल्या उतार मोजायच्या ॲपने एक लांब फळी जमिनीवर ठेवून मोजा. १५ अंशांच्या वर असेल, म्हणजे दहा फुटांत पावणेतीन फूट चढ, तर तिथे बसून चालवायचं कुठलंच यंत्र नेऊ नका, ना स्वस्तातलं ना महागातलं. कित्येक पुस्तिका तर १० अंशांवरच थांबायला सांगतात. त्याच्या आत असेल तर वर-खाली कापा, आडवं नाही, आणि दव असताना अजिबात नाही. उतारावर मागची चाकं एकदा घसरायला लागली की ब्रेकचा उपयोग नसतो, कारण ब्रेकही त्याच चाकांवर लागतो. खाली ओढा आहे. तो तुकडा जंगली फुलांना सोडून द्या, वर्षातून एकदा कुणाकडून कापून घ्या.

ड्राइव्हवे. माझ्या मते तुमचा निर्णय इथे होतो, वाफ्यात नाही.

जिऑगा काउंटी हा एरी सरोवराच्या कडेचा बर्फाचा पट्टा. सरोवरावरून आलेली ओलसर हवा तुमच्या टेकड्यांवर चढते आणि ओतते. तुमच्याच काउंटीतल्या शार्डनला वर्षाला १०० इंचांहून जास्त बर्फ पडतो, क्लीव्हलंडच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. तुमचा ड्राइव्हवे ४०० फूट लांब आणि १२ फूट रुंद धरला, तर २८ इंची, चालत चालवायच्या, बर्फ फेकणाऱ्या ब्लोअरने सहा फेऱ्या, म्हणजे २,४०० फूट चालणं. जड बर्फात पाऊण ते एक तास, आणि काही आठवड्यांत ते रोज. ज्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय त्यांनी पहाटे सहाला अंधारात, चढावर, थरथरणारं यंत्र तासभर वळवत राहावं, असं मी सांगणार नाही.

पुढे लावायचं पातं स्वस्त पडतं, पण तुमच्याकडे ते पुरणार नाही. पातं बर्फ ढकलतं, उचलत नाही. जानेवारी उजाडेपर्यंत दोन्ही बाजूंना कंबरभर भिंती होतात आणि नवा बर्फ ढकलायला जागाच राहत नाही. तुम्हाला दोन टप्प्यांचा ब्लोअर लागेल, बर्फ उचलून लांब फेकणारा. तो ट्रॅक्टरच्या नाकाला लटकतो आणि त्याचं वजन दोनशे पौंडांच्या वर जातं. हलक्या ट्रॅक्टरालाही ब्लोअर बसतो, काही कंपन्या तसे विकतातही, आणि शहरातल्या साठ फुटांच्या सपाट डांबरी ड्राइव्हवेवर ते चालतं. तुमच्या चढावर मात्र नाकाला एवढं वजन लटकवलं की मागची चाकं हलकी होतात आणि फिरत बसतात. शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक बर्फावर घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे जाते, दुसरं शांत उभं राहतं. एक्सटी ३ किंवा एक्स ५०० च्या वर्गात डिफरन्शियल लॉक मिळतं, ते लावलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. तुम्ही बघितलेल्या महागातल्या मॉडेलला ते आहे की नाही, हे नक्की विचारा. नसेल तर त्याच्या पुढचं मॉडेल बघा. त्याबरोबर मागच्या चाकांना साखळ्या आणि प्रत्येकी ५० पौंडांची वजनं लावा.

ड्राइव्हवेवर टाकायच्या खडीचंही तसंच. दहा घनफुटांची ट्रॉली खडीने भरली की हजारेक पौंड होते, म्हणजे लॉन ट्रॅक्टरच्या दुप्पट वजन. चढावर तो ती ओढेल की नाही हा एक प्रश्न, उतरताना ती ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेईल हा त्याहून मोठा. गार्डन ट्रॅक्टर असला तरी ट्रॉली अर्धीच भरा.

तर माझं उत्तर: गार्डन ट्रॅक्टर घ्या. त्याच्याबरोबर ब्लोअर, साखळ्या आणि वजनं मिळून आणखी साधारण दोन-अडीच हजार डॉलर जातील, ते आत्ताच हिशेबात धरा. मिस्टरांची कंबर धडधाकट असती आणि ड्राइव्हवे छोटा, सपाट असता, तर मी बिनदिक्कत सांगितलं असतं की २,४०० वाला घ्या, १,३०० च्या आसपासचा चालत चालवायचा ब्लोअर घ्या आणि टिलर भाड्याने आणा. बहुतेक लोकांसाठी तोच योग्य सल्ला असतो, आणि मी माझ्या गिऱ्हाइकांना तोच जास्त वेळा देतो.

त्याहून मोठं, म्हणजे कुबोटा बीएक्स किंवा जॉन डिअर १०२५ आर सारखा सब-कॉम्पॅक्ट, म्हणजे छोटा शेती ट्रॅक्टर, तुमच्यासाठी नाकापेक्षा मोती जड. डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद, पुढे लोडर, डोक्यावर रोल बार, सगळं उत्तम. पण पाच एकर, घोडे, सरपणाची लाकडं असं काही असेल तर. अडीच एकरांत त्याचं वजन वसंतातल्या ओल्या लॉनवर चाकोऱ्या पाडतं. महिंद्राचे छोटे ट्रॅक्टरही इथे मिळतात, त्यांचं अमेरिकेतलं मुख्यालय ह्यूस्टनला आहे. ते नाव दिसलं की आपल्याला बरं वाटतं, मलाही वाटतं. तरी ट्रॅक्टर नावावर घेऊ नका, सर्व्हिस करणारा डीलर घरापासून किती मैलांवर आहे ते बघून घ्या.

हेच तुमच्या दोन ट्रॅक्टरांनाही लागू आहे. मोठ्या दुकानातून घेतलात तर बिघाड झाल्यावर ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून कुठेतरी न्यायचं काम तुमचं. डीलर शे-दोनशे जास्त घेईल, पण घरून उचलून नेईल, ब्लोअर बसवून देईल आणि पहिल्या वर्षी पट्ट्यांचा ताण बघून देईल. डेक उतरवून ब्लोअर चढवणं नवख्याला पहिल्यांदा अख्खी दुपार खातं. डीलरकडे उभं राहून एकदा करून घ्या आणि फोनवर व्हिडिओ काढून ठेवा.

वापरलेला गार्डन ट्रॅक्टर घ्यायचा विचार असेल तर वाईट नाही, कित्येकदा नव्या लॉन ट्रॅक्टरपेक्षा तो चांगला निघतो. फक्त बघायला गेल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवलंय, गार झाल्यावर पुन्हा या असं सांगा. थंड इंजिन सुरू होताना कसं वागतं ते बघायचंच असतं. मग निदान चाळीस मिनिटं चालवा आणि शेवटी चढ चढवा. गार हायड्रो सगळेच चांगले असतात, दुखणं गरम झाल्यावर कळतं. इंजिन बंद करून, चावी काढून, डेकखालची पाती हातमोजे घालून धरा आणि वर-खाली हलवा. पात्यात थोडीही खडखड आली तर स्पिंडलची, म्हणजे पाती ज्यावर फिरतात त्या दांड्याची, बेअरिंगं गेलेली आहेत. आणि डेकच्या पत्र्यावर सुकलेल्या गवताचा थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून बघा, कधी कधी तो थरच पत्र्याला धरून असतो.

नवा घेतलात तरी एक काम कधीही चुकवू नका, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही. सीटखाली, ट्रान्सॲक्सलच्या डोक्यावर एक प्लास्टिकचा पंखा असतो आणि त्याच्याखाली पेटीला बारीक पाकळ्या असतात. हवा त्यांतून खेळली तरच तेल गार राहतं. सुकं गवत, मेपलची बोंडं आणि धूळ मिळून तिथे नमद्यासारखा जाड थर बसतो. माझ्याकडे तापून बंद पडलेले जे ट्रॅक्टर येतात, त्यांतल्या काहींचा फक्त तो थर जुन्या रंगाच्या ब्रशने झाडून काढला की ते पुन्हा चालायला लागतात. पंख्याच्या दोन पाकळ्या मोडलेल्या असल्या तरी मालकाला पत्ता नसतो. महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना, दहा मिनिटं द्या. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, ब्रश किंवा हवा वापरा. पेट्रोल १० टक्के इथेनॉलपर्यंतचंच घाला, १५ टक्केवालं या इंजिनांना चालत नाही. तुमचा ट्रॅक्टर बारा महिने चालणार असल्यामुळे टाकीत पेट्रोल शिळं व्हायचा त्रास कमी होईल, पण एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये महिनाभर उभा राहणार असेल तर स्टॅबिलायझर घाला.

आणि मुलं. तुमची दोन लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय. नवा ट्रॅक्टर आला की आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? नारळ फुटतो आणि मुलाला मांडीवर घेऊन फोटो निघतो. गावी आम्हीही ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढलो. इथे ते करू नका, एकदाही नाही, इंजिन बंद असतानाही नाही. ज्या मुलाला एकदा मांडीवर फिरवलं, ते पुढच्या वेळी आवाज ऐकला की धावत येतं, तुम्ही मागे घेत असताना, तुमच्या पाठीमागून. या देशात दरवर्षी लहान मुलांचे पाय अशा अपघातांत जातात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स सांगते की १६ वर्षांखालच्या मुलाने बसून चालवायचं यंत्र चालवू नये. माझा नियम त्याहून साधा आहे: पाती फिरत असताना मुलं घरात आणि दाराला कडी. मागे घेताना पाती चालू ठेवायची मुभा देणारी किल्ली बहुतेक मॉडेलना असते, ती वापरूच नका. आधी पाती बंद करा, मग मान वळवून बघा, मग मागे घ्या.

शनिवारी दुकानात जाताना टॉर्च आणि जुनी चादर न्या, खाली झोपून बघायला लाज वाटू देऊ नका. टोपण काढा, बोल्ट मोजा, ट्रान्सॲक्सलचा बूच आणि फिल्टर कुठे आहे ते विकणाऱ्याला बोट लावून दाखवायला सांगा. आणि ब्लोअरची ऑर्डर ऑगस्टमध्येच द्या. नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडला की तुमच्या काउंटीतले सगळे एकाच दिवशी डीलरला फोन करतात, आणि मग बसवून मिळायला नाताळ उजाडतो.